लेबलवाली गोधडी

या, असे जवळ सरकून बसा, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. सारंगखेड्याच्या रेतीत एका लेबलाने काय लीला केली, ते सांगतो.

कळसाडीची जसोदाबाई मुलाची, लखनची, मोटारशर्यत बघायला तापीकाठी आली होती. शर्यतीआधी चालकांच्या पोशाखाची तपासणी होती. लखनचा पोशाख अस्सल, आगीला दाद न देणारा. निरीक्षक नवलसिंग यांनी तो चिमटीतही धरला नाही. त्यांनी फक्त कॉलर उलटली.

"प्रमाणपत्राचं लेबल कुठंय?"

जसोदाबाई पुढे झाली. "पोऱ्याना गयाले टोचे ते. मीच कातरी टाकं."

"मग हा पोशाख नव्हे. नुसतं कापड आहे."

आता ही माउली सोनेरी धाग्याचं लेबल फेकून थोडंच देणार? तिने ते नव्या गोधडीच्या मधोमध शोभेला लावलं होतं. तीच गोधडी बसायला सोबत आणलेली. पुरावा म्हणून तिने ती मोठ्या आशेने पुढे केली.

नवलसिंगांनी भिंग लावलं. लेबल अस्सल. मुदत शिल्लक. टाके पक्के.

"उत्तम! गोधडी मंजूर."

"साहेब, ते लेबल परत डरेसले लावी देस ना मी!"

"काढून पुन्हा लावलेलं लेबल बाद. नियम आहे."

"पण एकदा काढीसनच ते गोधडीले लावेल शे!"

"ते आमच्यासमोर घडलेलं नाही."

"आन् गोधडी पेटनी तर?"

"पेटणार नाही. तसं लेबलवर लिहिलंय."

"गोधडीले वाचता येस का, साहेब?"

नवलसिंगांनी हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा ठरवला.

 जसोदाबाईने लखनचा दंड धरला. "नको जावू, भाऊ."

"माय, सारा गाव देखी ऱ्हायना. आते मांगे कसा फिरू?"

मंजूर गोधडी अंगाला सुतळीने बांधून, नामंजूर पोशाख आईच्या हाती देऊन, लखन निघाला. दुसऱ्याच वळणावर इंजिनाने भडका घेतला आणि जुन्या लुगड्यांची ती गोधडी कापरासारखी पेटली. सुतळी जळून गोधडी काठावरच गळाली आणि लखनने गाडीतून थेट तापीत उडी घेतली. देवाची दया, भुवयांवर निभावलं.

जसोदाबाई ओल्या पोराला छातीशी धरून रडत होती. नवलसिंग काठावर वाकून राख चाळत होते. अखेर त्यांना सापडलं. काजळीसुद्धा नाही!

"लेबल शाबूत," त्यांनी जाहीर केलं. "सुरक्षा व्यवस्था यशस्वी." आणि काठावर जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

हसलात ना? हसा. पण दाराशी टांगलेलं तुमचं हेल्मेट चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढतं, अन् चौक सरला की कोपरावर उतरतं. ते उतरवताना, मायबाप, घरी वाट बघणाऱ्या तुमच्या जसोदाबाईची तेवढी आठवण असू द्या.