सुभेदारांच्या गाडीतला हिटर

पाटणच्या सुभेदार हंबीररावांनी जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि डिझेलवरचा हिटर बसवला, तेव्हा गावानं नावं ठेवली. सुभेदारांनी मनावर घेतलं नाही. लष्करात चोवीस वर्षं त्यांनी तारा जोडल्या होत्या. आता याच गाडीतून हिमाचलात, लेकाच्या पलटणीकडं जायचं होतं. पण त्यांच्या पत्नी लीलाबाईंचे गुडघे थंडीत धरायचे. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "हिटर तासभर सलग चालला तर मी येनार. न्हाईतर तुमी जावा एकटं, मी लेकाला फोनवर बघीन."

उद्या निघायचं, आणि हिटर दहा मिनिटांत बंद पडत होता.

सुभेदारांनी फ्यूज बदलला. मग रिले. मग अर्थिंगची तार खरवडून घट्ट केली. दर दुरुस्तीनंतर लीलाबाई गाडीतल्या खंडोबाच्या तसबिरीपुढं, सकाळपासून तेवणाऱ्या निरांजनाशेजारी, आणखी एक लावायच्या. "आता तरी चालू दे रं देवा." हिटर फुरफुरत सुरू व्हायचा आणि दहाव्या मिनिटाला गप्प. दुपारपर्यंत निरांजनं पाच झाली, आणि अख्खं वायरिंग उसवून पुन्हा जोडून झालं.

शेवटी मिरजेहून धन्यकुमार आला. गाड्यांच्या वायरिंगमधला जाणता माणूस, सुभेदारांचा जुना दोस्त. त्यानं मीटर लावला.

"करंट तर बराबर येतोय की."

"मग बंद का पडतंय, गड्या?"

धन्यकुमारनं भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हात लावला. ही डबी गाडीतली ऊब मोजते आणि पुरेशी झाली की हिटर बंद करते. त्याचा हात चटकन मागं आला. डबीच्या बरोबर खाली देवाची फळी होती, फळीवर पाच निरांजनं. डबीच्या हिशेबानं गाडीत वैशाख लागला होता. फळी सुभेदारांनीच ठोकली होती.

"वैनींना सांगा, दिवं काढा म्हनून," धन्यकुमार कुजबुजला.

"खुळा का रं? निघायच्या आदल्या दिवशी देवापुढचा दिवा काढ म्हनू? तू सांग."

"मी न्हाई बा. आमच्या घरात एकदा म्हटलं हुतं, चार दिस खानावळीत जेवलो."

दोघा बहाद्दरांनी अवाक्षर न काढता डबी उपसून दाराशेजारी बसवली. हिटर सुरू झाला. दहा मिनिटं, वीस, चांगला तासभर. लीलाबाईंनी तसबिरीला हात जोडले.

"बघा! तुमी उगा तारा उचकत बसलासा. देवानं ऐकलं."

"व्हय," सुभेदार म्हणाले. चोवीस वर्षांची नोकरी त्यांनी मुकाट्यानं गिळली.

पण दाराच्या फटीतून गार वारा येत होता. डबीला थंडी वाजत राहिली, हिटर काही थांबेना. दीड तासानं सुभेदार बनियनवर आले. लीलाबाई पदरानं वारा घेऊ लागल्या.

"आवं, पुरं झालं. बंद करा की आता!"

बटण सुभेदारांच्या हाताशीच होतं. त्यांनी फळीकडं बोट दाखवलं.

"त्याला सांग. मी नुसत्या तारा उचकतो."

लीलाबाईंनी घाम पुसला आणि सहावं निरांजन लावलं.