बुवांचे मागचे स्पीकर

महाडच्या बाजारात स्पीकर घ्यायला जाऊन दुकानदाराकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, धोंडूबुवा. दुकानात शिरायचे, पुढे केलेली खुर्ची बाजूला सारायचे, सरळ फरशीवर मांडी घालायचे आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "लावा."

दुकानदार बिचारा हौसेने मारामारीचा सिनेमा लावायचा. मागून हेलिकॉप्टर घरघरत यायचं.

"बुवा, अंगावर आल्यासारखं वाटतंय की नाही?"

"हेलिकाप्टर माज्या काय कामाचा? मानूस लावा, मानूस."

बुवा मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावचे. उभी हयात भजनात गेली. पुढे पेटी घेऊन बुवांनी ओळ म्हणायची, मागे बसलेल्या चार टाळकऱ्यांनी ती उचलायची. त्या चौघांतले दोघे वारले, एक लेकाकडे डोंबिवलीला गेला, एकाचे गुडघे गेले. मंडळ मोडलं आणि बुवांचं गाणंही बंद पडलं. मग कुणाकडे तरी शेवटच्या भजनाचं रेकॉर्डिंग सापडलं. मोबाईल मागच्या रांगेत ठेवलेला, त्यामुळे चौघांचा आवाज खणखणीत आणि बुवांचा अगदी पुसट. बुवांना वाटलं, झालं काम! आपण ओळ म्हणायची, हे उचलतील. येत्या मोठ्या एकादशीला पुन्हा भजन.

मी ते टीव्हीवर लावून दिलं, तर म्हातारा भडकला.

"मास्तर, माजी मानसं माज्या म्होरं कशी बसली? ती मागं बसतात. मागचा आवाज मागनंच आला पायजे."

तेव्हापासून मागच्या स्पीकरचा शोध सुरू झाला आणि माझे रविवार गेले. मी स्कूटर काढायची, बुवांनी मागे बसायचं, आणि दोन-तीन स्पीकर नापास करून घरी यायचं. एकाला म्हणे सर्दी झालेली. दुसऱ्यात टाळ नाय, चमचे वाजतात. एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, यांना नक्की घ्यायचंय ना?" मला तरी काय ठाऊक! वैताग आला होता, पण त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती.

शेवटी एक साधीशीच जोडी पास झाली. एकादशीच्या सकाळी फिटिंगवाला आला. त्याने बसलेल्या माणसाच्या कानाच्या वर भिंतीवर खुणा केल्या, ड्रिल काढलं, तर बुवा आडवे आले.

"वर कुठं? माजे टाळकरी काय माळ्यावर बसायचे?"

आतून दोन पाट आणले, जमिनीवर मांडले आणि त्यांवर स्पीकर बसवले.

"काका, आवाज बरोबर येणार नाही."

"ते कुठं बसायचे ते तुला म्हाईत का मला?"

फिटिंगवाला माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघत राहिलो.

संध्याकाळी बुवांनी पेटी पुढे ओढली आणि मला मोबाईल चालू करायला सांगितला. मागनं टाळ सुरू झाला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. बुवांनी ओळ घेतली, चौघांनी उचलली. दुसरी घेतली, तीही उचलली. तिसरीला बुवांना धाप लागली. पूर्वी बुवा दम घ्यायला थांबले की मागचे तीच ओळ घोळवत राहायचे. आता मात्र चौघे सरळ पुढे निघाले. बुवा गाठायला गेले, चुकले, पुन्हा चुकले. मग त्यांनी पेटीवरचा हात काढला.

"थांबत नाय रे कोन," ते म्हणाले. मागे भजन चालूच होतं.

मला ते बघवेना. मोबाईल बंद केला आणि त्या दोन पाटांच्या मध्ये जाऊन मांडी घातली. शाळेत राष्ट्रगीतसुद्धा मी ओठांतल्या ओठांत म्हणतो.

"म्हणा, बुवा."

त्यांनी ओळ म्हटली. मी ती उचलली, म्हणजे उचलून आपटलीच. मध्येच ते खोकले, पाणी प्यायले. तोवर मी तीच ओळ घोळवत राहिलो, त्यांनी पुढची घेईपर्यंत.

अभंग संपल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

"सूर नाय तुमच्याकडं, मास्तर," ते म्हणाले. "पन थांबता."