भास्करपंतांची कॉफीच्या दुकानावरील स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. पेठेत कॉफीचे नवे ठाणे बसले आणि त्यावर भास्करपंत गद्रे चालोन गेले, ते वर्तमान लिहोन ठेवावे ऐसे मनी आले. आम्ही त्या समयी गल्ल्यालगतच्या मेजावर होतो. पाहिले-ऐकिले तितके लिहिले, तिखटमीठ लाविले नाही.

पंतांचे चिरंजीव मंदार यांणी बँकेची चाकरी टाकोन हे ठाणे उभे केले, तेव्हा घरात मोठे रण माजले आणि पंत संतापे बोलोन गेले की, "कॉफीच विकायची ना? मग मला बाबा म्हणायचं नाही!" चिरंजीवांचा हेका बापासारखाच. त्यांणी घर सोडिले आणि तो शब्द वर्षभर पाळिला. इकडे पंतांचे चित्त थाऱ्यावर राहीना. कोथिंबीर आणावयाचे निमित्त करोन निघावे, आणि ठाण्यापुढून फेऱ्या घालाव्या, आणि कोथिंबीर घेवोन परतावे. ऐसे होता होता घरात कोथिंबिरीचा डोंगर जाहला. मग पंतांच्या पत्नी सुमतीबाईसाहेब हात जोडोन बोलिल्या, "वड्या करून हात दुखले माझे. आत जाऊन या एकदाचे!" मग पंत इस्त्रीचा सदरा लेवोन निघाले, आणि पायरीवरून माघारा फिरले, आणि पुन्हा आले, आणि जोडे बाहेर काढावे की कसे याची मसलत करीत उभे राहिले, इतक्यात मागून कोणी "काका, आत जाताय का?" ऐसे पुसिले, तेव्हा नाइलाजे शिरले. आत पाहतात तो भिंतींस गिलावा नाही, दिवे दोरांस लोंबकळत, मंडळी लॅपटॉपात मुंडी घालोन बसलेली, आणि चिरंजीव पाठमोरे यंत्राच्या वाफेत. गल्ल्यावरील मुलीने पेल्यावर लिहावयास नाव मागितले. तेथील रीत ऐसी की, कॉफी सिद्ध जाहली म्हणजे त्या नावाचा पुकारा खुद्द मालक करितात. पंतांस घाम फुटला. खरे नाव द्यावे, आणि पोराने भरल्या दुकानात "भास्कर गद्रे" म्हणोन पुकारावे, म्हणजे जिवंतपणीच परके जाहलो. म्हणोन शेजाऱ्याचे नाव ठोकोन दिले, "दांडेकर." मग पंत बसले, आणि उठले, आणि खिडकीशी गेले, आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले, आणि स्वच्छच चष्मा पुसत राहिले. तो पुकारा जाहला, "दांडेकर!" कोणी उठेना. दुसरा पुकारा जाहला. पंतही मान वळवोन पाहू लागले की, हा दांडेकर कोण बहिरा, उठत का नाही? तेव्हा चिरंजीव पेला घेवोन स्वतः आले, पंतांपुढे उभे राहिले, आणि हळूच बोलिले, "बाबा, घ्या. निवतेय." पंतांणी पेला दोन्ही हातीं धरिला. मग घोट घेवोन म्हणाले, "कडू आहे रे." "साखर आणतो." "राहू दे. बस जरा."

एणेप्रमाणे स्वारी जाहली. कोण जिंकले, ते ज्याचे त्याने ठरवावे. कोथिंबीर आणणे बंद पडले. पंत आता नित्य येतात, आणि गल्ल्यावर नाव पुसिले असता अवघ्या दुकानास ऐकू जाईल ऐसे सांगतात, "लिही, मंदारचा बाबा."