हकीकत डेल्बर्ट हकबी यांणी इंजिन थंड राखिल्याची

गॅरेज-शक अकरा, जुलै मासाची चौथी तिथी, पारा फॅरनहाइटी एकशे आठ अंशांवर, ते दिवशी टारवेल कसब्याच्या मिरवणुकीत अखंडितलक्ष्मीअलंकृत डेल्बर्ट हकबी बहाद्दर यांची खाशी मोटार अग्निशमन ठाण्यापासून वीस हात अलीकडे वाफेचा लोट सोडून जागीच बसती जाहली. सदरहू प्रकार घडलाच नाही. जो कोणी घडला म्हणेल त्याची साक्ष खोटी मानावी. घडले ते येणेप्रमाणे.

डेल्बर्ट बहाद्दर हे कॅलिफोर्निया प्रांती, तेलविहिरींच्या मुलखात वेल्डिंगचा हुद्दा राखून असत. अकरा वर्षांमागे त्यांणी एका शेतावरील गोठ्यातून सन एकोणीसशे बत्तीसच्या मोटारीचा सांगाडा हस्तगत केला, आणि आत कोंबड्यांचे ठाणे होते ते उठविले, आणि सांगाडा घरच्या गॅरेजात आणून त्यास कायमचा मुक्काम दिला. तेणेकरून त्यांचे कुटुंब अर्लीनबाईसाहेब यांची व्हॅन अकरा उन्हाळे उघड्यावर राहिली, आणि तिचे स्टिअरिंग ऐसे तापे की बाईसाहेब ओव्हनचे हातमोजे घालून बाजारास जात. मोटार मात्र अकरा वर्षांत गॅरेजाबाहेर गेली नव्हती. मग एके दिवशी बाईसाहेबांचे फर्मान फ्रिजच्या दारावर लागले, ते ऐसे:

"चार जुलैच्या मिरवणुकीत ही गाडी चर्चपासून अग्निशमन ठाण्यापर्यंत, आपल्या चार चाकांवर, मी सोबत असताना पोचली, तर गॅरेज तुझं. नाही पोचली, तर पाच तारखेला भंगारवाला येतोय. मी बोलले त्याच्याशी. चांगला माणूस आहे."

फर्मान वाचून बहाद्दरांनी फ्रिज उघडला, थंड बिअर घेतली, फ्रिज मिटला आणि फर्मान पुन्हा वाचिले. मजकूर तोच होता.

मग मोहीम सुरू जाहली. अपघातात चेपलेल्या एका नव्या पिकअपचे आठ सिलिंडरचे इंजिन पैदा केले, आणि ते साखळदंडांनी अंतराळी टांगिले, आणि मोटारीच्या नाकात उतरविले, तो पंखा रेडिएटरात तीन बोटे घुसू लागला. येथे मोठी मसलत पडली. नाक लांबवावे तर शोभा जाते, आणि शोभा गेली तर गाडी बांधून काय उपयोग, ऐसा जुन्या मोटारीत नवे इंजिन घालून मिरविणाऱ्या पंथाचा शिरस्ता. सबब बहाद्दरांनी इंजिनापाठची पत्र्याची भिंत फोडिली आणि इंजिन तीन बोटे मागे लोटिले. तेणेकरून पंखा मोकळा जाहला आणि बहाद्दरांच्या डाव्या पायाची जागा खालसा जाहली. इतःपर डावा बूट काढूनच गाडी हाकावी, ऐसे ठरले.

इंजिनासोबत नव्या जमान्याचा रुंद पट्टा आला होता. तो साऱ्या चाकांवरून नागमोडी फिरे आणि पाण्याच्या पंपास आपल्या पाठीने फिरवी. ऐसा पट्टा सन बत्तीसच्या नाकात दिसणे म्हणजे सात पिढ्यांस बट्टा. बहाद्दरांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकिला, आणि जुन्या चालीचा बारीक पट्टा व लखलखीत चाके चढविली, आणि पंप तेवढा त्या इंजिनाच्याच जातीचा, कोरा, दुकानातून आणून बसविला. शोभा बहुत आली.

मग स्वारी चाचणीस निघाली, ती कोपऱ्यावरील टपालपेटीपाशी पोचली आणि इंजिन उकळले. शेजारी ऑर्व्हिल टिब्ज, पेन्शनीत निघालेले गृहस्थ, आपल्या हिरवळीवर घडीची खुर्ची टाकून, हाती थंडगार चहाचा पेला घेऊन दरबार भरवीत असत.

"थर्मोस्टॅट, डेल," टिब्ज वदले. "मी तर बघताक्षणीच म्हणालो होतो."

थर्मोस्टॅट बदलिला. टपालपेटीपाशी इंजिन उकळले.

"रेडिएटर लहान पडतोय. बघताक्षणीच म्हणालो होतो."

"काका, काल बघताक्षणी थर्मोस्टॅट म्हणालात."

"काल मला ऊन लागत होतं."

रेडिएटर जाड आणिला, आणि पंखा थोरला आणिला, आणि रेडिएटराचे झाकण तीन वेळा नवे आणिले. टपालपेटी काही ओलांडेना. पोस्टमन बिचारा वाफेच्या धाकाने पत्रे पेटीत दुरून फेकू लागला.

ऐशा रीतीने चौथी जुलै उजाडली. बाईसाहेब अंगणात धुणे वाळत घालीत होत्या. त्या थबकल्या.

"डेल, 'उलटा फिरणारा' म्हणजे काय रे?"

"कुठे लिहिलंय?"

"तुझ्या पंपाच्या खोक्यावर. लाल अक्षरांत, हे एवढं मोठं. तीन आठवडे मी ह्यात चिमटे ठेवतेय."

"खोक्यावरचं कोण वाचतं, अर्लीन?"

"ज्यांच्या गाड्या पोचतात ते."

बहाद्दरांनी खोके ओढून घेऊन वाचिले. रुंद पट्टा पंपास उलटा फिरवी, म्हणोन पंपाची पाती उलट्या फेऱ्यासाठीच घडलेली. बारीक पट्ट्याने तो सुलटा फिरला, आणि पाणी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी ताकासारखे घुसळत राहिले. रुंद पट्टा तीन आठवड्यांमागेच कचऱ्याच्या गाडीतून परलोकी गेला होता. सणामुळे दुकाने बंद. मिरवणुकीस दीड घटका अवकाश.

उपाय एकच उरला. एका जुन्या पिकअपचा हीटर बैठकीखाली बसविला होता, तो पुरता चालू करावा. म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत बसल्या माणसांकडे वर्ग होते. बहाद्दरांनी हीटर चालू केला. बाईसाहेब मांडीवर सहलीच्या बटाट्याच्या सॅलडचे भांडे घेऊन विराजमान जाहल्या. हातमोजे सवयीने कमरेस खोवलेलेच होते.

पुढे शाळेचे वाजंत्री पथक मुंगीच्या पावली चालले, त्यामागे खाशी स्वारी.

"हीटर बंद कर, डेल."

"बंद केला तर इंजिन उकळेल."

"चालू ठेवलास तर मी उकळेन."

"तुला टपालपेटी दिसली का? मागे गेली बघ!"

"मला आता काहीच दिसत नाहीये."

बँक मागे पडली, न्हाव्याचे दुकान मागे पडले, अग्निशमन ठाण्याचा तांबडा दरवाजा नजरेत आला. इतक्यात पथक ठाण्यासमोर उभे राहून सलामी वाजवू लागले, आणि स्वारीस थांबणे प्राप्त जाहले, आणि—

येथे बखरीचे पान वाफेने भिजोन अक्षरे पुसली आहेत.

वाफ विरली तेव्हा टिब्ज खुर्चीसह पुढील रांगेत बसलेले दिसले. ते गर्जले, "अर्लीन, अभिनंदन! उद्यापासून व्हॅनला सावली!"

कसबा हसला. बाईसाहेबांची फत्ते जाहली होती. काही न करिता नुसते बसून राहणे एवढेच काम उरले होते. त्यांणी डावीकडे पाहिले. बहाद्दर एका बुटानिशी, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, अजून गाडी चालल्यागत समोर बघत होते.

बाईसाहेब उतरल्या. सॅलडचे भांडे टिब्जांच्या मांडीवर आदळिले. "धरा. आणि एक शब्द बोललात तर खुर्चीसकट ढकलीन तुम्हांला." मग हातमोजे चढविले आणि मोटारीच्या तापल्या पाठीस भिडल्या.

"ब्रेक सोड."

"अर्लीन, कागदावर तू सोबत हवीस—"

"सोबतच आहे. मागे आहे. चाकं तुझीच आहेत. ब्रेक सोड, डेल."

येणेप्रमाणे मोटार आपल्या चार चाकांवर, बाईसाहेबांसमवेत, अग्निशमन ठाण्यास दाखल जाहली. फत्ते जाहली. अग्निशमनवाल्यांनी पाण्याची सलामी दिली, ती इंजिनाने मोठ्या फुत्काराने स्वीकारिली. गॅरेज डेल्बर्टांकडे कायम जाहले. तहात एक कलम वाढले की त्यांणी व्हॅनसाठी अंगणात लोखंडी छप्पर वेल्ड करून द्यावे. सहा तारखेस ते उभे राहिले. वेल्डिंगचा हुद्दा राखून असलेल्या पुरुषास ही गोष्ट अकरा वर्षे सुचली नव्हती.

सबब टारवेल नगरसभेस विनंती अर्ज ऐसा जे, मोटारीस व मनुष्यास ऊन सोसत नाही हे ध्यानी घेऊन चौथी जुलै इतःपर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरवावी, आणि वाजंत्री पथकाने धावत वाजवावे. निर्णय लेखी कळवावा. टपालपेटी मात्र आधी कोपऱ्यावरून हलवावी, कारण तिच्यापाशी इंजिन उकळते.