न थांबणारी बाही

“घाई करू नकोस रे. काना बघ, मात्रा बघ, मग वाच.” लहानपणी दुकानांच्या पाट्या वाचायला शिकवणारा थोरल्या भावाचा तो आवाज धाकट्याच्या कानात अजून तसाच होता, ऊन खाल्लेल्या शालीसारखा उबदार. आता दादाची नजर अधू झाली होती, आणि धाकट्याने छाती ठोकून सांगितलं होतं, “दादा, असा एडिटर बनवतो, की तू लोळत लोळत कोड लिहिशील.”

दादा स्वेटरच्या कारखान्यातल्या विणयंत्रासाठी सूचनांचा कोड लिहून द्यायचा. घरचा संगणक एका जातीचा, कारखान्यातला दुसऱ्या. एडिटर उभारायला दोन्हींवर चालेल असं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, हवं होतं. धाकट्याने सोयरीक जुळवावी तशी एकेकाची चौकशी केली. एक फ्रेमवर्क त्या त्या संगणकाचीच बटणं आणि अक्षरं वापरायचं. गुणी, पण चेहऱ्याने बेताचं. दुसरं प्रत्येक अक्षर स्वतः रंगवायचं. रूप असं, की दृष्ट काढावी. धाकटा रूपावर भाळला.

“दादा, अक्षरं भोपळ्याएवढी केलीत. पिवळी बरी की पांढरी?”

“पिवळी.”

“अजून मोठी करू?”

“नको. छान आहेत.”

दादाच्या कानात नेहमीचा इअरफोन होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यातला आवाज नुसता डोळ्यांना विसावा म्हणून, असं घरात सगळे धरून चालले होते.

नव्या एडिटरवर लिहिलेलं पहिलं काम कारखान्यात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला. वहिनीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“अहो, बाही थांबत नाहीये.”

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“म्हणजे टेबलावरून उतरली, आता दाराकडे निघाली आहे. यंत्र बंद करतो. आणि पुढचं काम दुसऱ्याकडे देऊ का, तेही सांगा.”

“संध्याकाळपर्यंत जुन्या एडिटरवर लिहून देतो,” दादा घाईने म्हणाला. “काम काढून घेऊ नका.”

“बघतो,” म्हणून मालकांनी फोन ठेवला.

धाकट्याने कोड उघडला. बाहीच्या ओळींच्या आकड्यात एक शून्य जास्त होतं, भोपळ्याएवढं, पिवळंधमक.

“दादा, हे दिसलं नाही?”

वहिनीने त्याचा इअरफोन आपल्या कानाला लावला आणि बाणाची कळ दाबली. “ही वाचणारी बया नुसतं ‘खिडकी’ म्हणते. परत खिडकी. पुढे काही बोलतच नाही.”

धाकट्याच्या लक्षात आलं. स्वतः रंगवलेली ती देखणी अक्षरं वाचणाऱ्या आवाजाच्या लेखी नुसतं चित्र होती, मुकं. जुन्या एडिटरमधलं दादाला ऐकू यायचं; इथे त्याने सगळं बोटांच्या सवयीवर लिहिलं होतं. आपण रंग विचारला, आकार विचारला. दिसतं का, एवढं विचारायला मात्र जीभ रेटली नव्हती.

“मग छान छान कशाला म्हणत होतास?”

दादाने चाचपडत त्याचा हात शोधला.

“अक्षरं दिसेनाशी होऊन वर्ष झालं रे. नुसता उजेड कळतो. तू इतक्या हौसेने येऊन विचारायचास. सांगितलं असतं, तर मला काही विचारायचंच सोडून दिलं असतंस.”