खांबेट्यांची पितळी स्थळे

मांडीवर वीणा घेऊन बसलेल्या शारदेला आधी वंदन करतो आणि लगोलग तिची क्षमाही मागतो; कारण आज ज्या वाद्याविषयी लिहावयास बसलो आहे ते मांडीवर मावत नाही, पट्ट्याने गळ्यात अडकवावे लागते, आणि दुरून पाहता एखाद्या संस्थानिकाच्या हुक्क्यासारखे दिसते. त्यातून निघणारा नाद मात्र तिचाच, या विश्वासावर पुढे जातो. उद्या खंडेनवमी. टोकियोतील ओजिमाच्या आमच्या वसाहतीतील मराठी कुटुंबे आपापली साधने पूजेसाठी आमच्या घरी आणून ठेवतील. एका वर्षी याच पाटावर, लॅपटॉपांच्या रांगेत, एक सॅक्सोफोन बसला होता. त्याची व त्याच्या यजमानांची हकीकत सांगण्यास याहून योग्य निमित्त कोणते?

सॅक्सोफोन विकत घ्यावयास गेलेला मनुष्य तो सर्वसाधारणपणे फुंकून पाहतो. आमचे शेजारी श्रीयुत अनंत खांबेटे तसे करीत नसत. ते कोटाच्या आतल्या खिशातून एक लहानसा तांबडा लोकरी हातमोजा काढीत, वाद्याच्या चाव्यांवर पसरीत, त्याचे एकेक बोट एकेका चावीवर नेऊन ठेवीत आणि गंभीरपणे मान हलवीत.

“ताणतंय. नको.”

दुकानदार कमरेत वाकून नमस्कार करी. आपल्या मालावर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हे परदेशी गृहस्थ किती जपतात, असे त्या सज्जनास वाटत असावे. मी एकदा विचारले, तेव्हा खांबेटे म्हणाले, “काका, प्रत्येक शास्त्राला एक मानक लागतं. हे माझं.” ते विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ, मी आयुष्यभर मुलांकडून धातुरूपे घोकून घेतलेला संस्कृतचा शिक्षक. शास्त्रज्ञाच्या मानकावर शंका घेण्याचा अधिकार मजकडे नव्हता.

मुलाकडे म्हणून आम्ही उभयता जपानला आलो ते मोठ्या भूकंपानंतर. खांबेटे तत्पूर्वीपासून आमच्याच मजल्यावर, टोकाच्या घरात राहत होते, आणि आता एकटेच उरले होते. भूकंपाच्या त्या मार्च महिन्यात, किरणोत्साराच्या भयाने, त्यांच्या पत्नी वसुधाताई व कन्या इरा यांना त्यांनी घाईने पुण्यास पाठविले. परिस्थिती निवळली की परत यायचे, असे ठरले होते. परिस्थिती निवळली, पण तोवर मुलीची तिकडची शाळा सुरू झाली, वसुधाताईंना नोकरी लागली, आणि खांबेटे दर मे महिन्यात सुट्टी घेऊन स्वतःच्या घरी पाहुण्यासारखे जाऊ लागले. हे सारे आम्हांस शेजाऱ्यांकडून कळले. ते स्वतः बोलत ते केवळ पितळेविषयी.

आणि बोलत ते वधूवरसंशोधनाच्या भाषेत. सकाळी दार वाजे. “काका, एक स्थळ सांगून आलंय. ओचानोमिझूच्या बाजूला. वय झालंय, पण घराणं चांगलं. येता का बघायला? घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर असलं की बरं दिसतं.”

त्यांना जुना टेनर हवा होता. टेनर म्हणजे सॅक्सोफोनांच्या कुळातील थोरला, भरदार आवाजाचा भाऊ. नवा परवडत नव्हता, कारण पगार बरा असला तरी त्याचा मोठा वाटा पुण्यास जाई. आणि नव्याविषयी त्यांचे मतही बरे नव्हते. “नवं पितळ म्हणजे काका, कालच मुंज झालेला बटू. मोठ्यानं बोलतो, अर्थ काही नाही.” जुन्यातही त्यांची एक अट अढळ होती. “मूळ अंगाला हात लावलेला नको. पॉलिश केलं, की निम्मी किंमत गेली आणि अब्रू सगळी गेली.”

अशा रीतीने, लोकरी टोपी व उपरणे घेतलेला मी, टोकियोतील जुन्या वाद्यांच्या दुकानांत वरपक्षाचा वडीलधारा म्हणून वावरू लागलो. माझ्याकडे एक कामही होते. दुकानात वाद्य वाजवून पाहण्यास दूरध्वनीच्या खोक्याएवढी बंदिस्त खोली असते. तिच्यात आम्ही दोघे व टेनर असे तिघे उभे राहत असू. खांबेटे प्रथम एक बारीक दिवा वाद्याच्या पोटात सोडीत आणि कोठून उजेड बाहेर येतो ते पाहत. “उजेड गळतो, तिथून श्वासही गळणार.” मग मला म्हणत, “लावा काका तुमचा ओंकार. पट्टी सोडू नका.” मी डोळे मिटून ओंकार लावी, आणि खांबेटे त्या स्वराशी मिळणारा स्वर काढण्यासाठी जे काही करीत त्यास वादन म्हणणे हे माझ्या सत्यनिष्ठेस मानवणारे नाही. काचेबाहेरून एक तरुण विक्रेती आम्हांकडे पाहत असे. पहिल्या दिवशी तिच्या मुद्रेवर भय होते. पुढे पुढे ती मला बसावयास स्टूल देऊ लागली.

खांबेट्यांना वाजविता येत नव्हतेच. सरावासाठी त्यांनी केवळ तोंडाकडचा, वेताची पट्टी लावलेला तुकडा आणला होता. वसाहतीत आवाज करण्यास मनाई, म्हणून रविवारी ते नदीकाठी पुलाखाली जाऊन तो तुकडा फुंकीत. तेथे गळ टाकून बसणारे वृद्ध आपली आसने उचलून पलीकडे जात, आणि बदके मात्र आपुलकीने जवळ येत.

“शिकायचं आहे, तर शिकवणी का लावीत नाही?” मी म्हटले.

“आधी स्थळ जमू द्या. दिवाळीच्या आत जमायला हवं काका. पाहुणे यायचेत.”

“कोण पाहुणे?” आमच्या कुटुंबाने आतून विचारले.

“वसुधा आणि इरा,” असे म्हणून ते इतक्या घाईने गेले, की चपला आमच्याच दारात राहिल्या.

तेव्हा प्रथमच कळले. मायलेकी गेल्यापासून प्रथमच जपानला येणार होत्या. त्यानंतर स्थळे पाहण्याचा वेग वाढला. एकाच्या मानेत पोचा होता, दुसऱ्याच्या चाव्या निराळ्या कुळातील होत्या, तिसरे निर्दोष होते. परंतु त्याची किंमत ऐकून खांबेट्यांनी ज्या आदराने ते परत ठेवले, त्या आदराने मी शाळिग्रामही ठेवीत नाही. नवरात्र बसले तरी टेनर नव्हता. खांबेट्यांनी दाढी करणे सोडले.

अखेरीस एका गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात, ओनो-सान नावाचे एक अबोल गृहस्थ भेटले. खांबेट्यांनी नित्याप्रमाणे हातमोजा काढला, समोरच्या टेनरवर पसरला, मान हलविली. ओनो-सान त्या हातमोज्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग आत गेले आणि एक निराळाच टेनर घेऊन आले. काळवंडलेला, घंटेसारख्या तोंडावर हिरवट डाग, नक्षी निम्मी झिजलेली. चाव्या मात्र एकमेकींच्या अगदी जवळ बसविलेल्या. हातमोज्याची पाचही बोटे जागच्या जागी बसली. मी ओंकार लावला. खांबेट्यांनी फुंकले. प्रथम म्हैस हंबरली. पण मग, क्षणभर, तो स्वर माझ्या स्वरास येऊन टेकला, आणि माझ्या उपरण्याखाली काटा उभा राहिला.

“घराणं चांगलं आहे,” मी म्हणालो.

“काका, रंग बघा,” खांबेटे कुजबुजले, “कुणी हात लावलेला नाही!” किंमतही त्यांच्या आवाक्यातील निघाली. परतताना गाडीत ती पेटी त्यांनी मांडीवर उभी धरली होती आणि प्रत्येक स्थानकावर तिला धक्का लागू नये म्हणून स्वतः धक्के खात होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खांबेट्यांनी पहाटेच टेनर आमच्या घरी आणून ठेवला व ते प्रयोगशाळेत गेले. मी स्नानास गेलो. पाटाशी उरले कुटुंब आणि ते काळवंडलेले पितळ.

वाचकहो, आमच्या कुटुंबाने उभ्या जन्मात काळे पितळ देवापुढे ठेवलेले नाही. समई असो, ताम्हन असो, घंटा असो. सणाच्या दिवशी ते चिंचेने घासलेच पाहिजे, यात विचार करण्यासारखे त्यांना काहीच नसते. त्यातून हे शेजारच्या एकट्या राहणाऱ्या माणसाचे. त्याला कोण घासून देणार? मी सोवळे नेसून बाहेर आलो, तेव्हा टेनरचे तोंड नुकत्याच घडविलेल्या कळशासारखे लखलखत होते, त्यावर हळदीकुंकू लागले होते, आणि कुटुंब पदराने हात पुशीत समाधानाने म्हणत होते, “बाकीच्या अंगाला खटके आहेत बाई, तिथं पाणी नाही लावलं. तोंड तेवढं उजळलं.”

मी वाकून चाव्यांखालच्या गाद्या आधी चाचपल्या. ओलेपणाने त्या फुगल्या नव्हत्या, हीच देवीची कृपा.

दुपारी खांबेटे आले. दारातच थांबले. त्यांनी पाहिले. कुटुंबाने माझ्या मुद्रेवरून काहीतरी ताडले होते. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “माझं काही चुकलं का हो, अनंतराव?”

 खांबेट्यांनी पुढे होऊन टेनरच्या तोंडावरून एक बोट फिरविले आणि ते हुंगले.

“चिंच कुठली, काकू?”

“निशी-कसाई भागातल्या आपल्या भारतीय दुकानातली. जुनी. मीठही घातलं.”

“मीठही,” खांबेटे म्हणाले, आणि पाटासमोर मांडी घालून बसले. “मीच वेडा. इराच्या शाळेतला असाच होता. इकडं पाचवीत असताना शाळेच्या बँडमध्ये ती टेनर वाजवायची. तिच्याहून वाद्य मोठं. मी चेष्टा करायचो. वाजवून झालं की मुली फडकं घेऊन पुसत बसायच्या, तोंड दिसेपर्यंत. मार्चमध्ये घाईत निघालो आम्ही, विमानतळावर. म्हणाली, बाबा, शाळेत जाऊन त्याला एकदा पुसून येऊ? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पूस.”



“पण निम्मी किंमत गेली ना?” कुटुंबाने रडत रडत विचारले. त्यांनी आमची भाषणे भिंतीपलीकडून ऐकली होती.

“विकायचाय कुणाला, काकू? असा उजळ बघितल्यावर आत्ता तो इराचा वाटतोय.”

आरती झाली. त्यांनी प्रसाद दोनदा घेतला.

दिवाळीत मायलेकी आल्या. वसुधाताई आल्या आल्या खिडक्या उघडून केर काढू लागल्या, यावरून घर ओळखले गेले असे मी समजलो. इरा बापाच्या खांद्याला लागत होती. खांबेट्यांनी नदीकाठी पुलाखाली पेटी उघडली, टेनर बाहेर काढला, आणि सवयीने तो तांबडा हातमोजा चाव्यांवर पसरला.

मुलगी आधी पाहत राहिली. मग तिने आपला हात हातमोज्यावर ठेवला. तिची बोटे त्याच्या पुढे पेराहून अधिक गेली.

“बाबा, हे केवढं चिस्साइ!” लहान या अर्थाचा तो जपानी शब्द इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आपोआप निघाला. “ह्याच्यावरून तू सॅक्स घेतलास? दर मे महिन्यात मला बघतोस की!”

“हो, पण,” म्हणून खांबेटे चाव्यांमधील अंतर पुन्हा बोटाने मोजू लागले. इतकी स्थळे पाहिली, इतकी मोजमापे केली; आणि चाव्या तिच्या हातास आता चक्क फार जवळ पडत होत्या.

“चालेल. जुळवून घेईन मी,” ती म्हणाली आणि पट्टा गळ्यात घालून त्याची लांबी वाढवू लागली. मध्येच थांबून म्हणाली, “दुसरा माझ्याकडे आहे.”

“दुसरा काय?”

“हातमोजा. विमानात बघितलं तर एकच. आई म्हणाली, टाकून दे, एकाचा काय उपयोग. नाही टाकला.”

खांबेट्यांनी हातमोजा उचलला आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात पाठीमागे तिने श्वास भरला आणि शाळेत शिकविलेल्या रीतीने एकच स्वर लावला. न हलणारा, लांब, श्वास संपेपर्यंत. मासे धरणाऱ्या वृद्धांपैकी कोणी आसन उचलले नाही. माझे डोळे आपोआप मिटले आणि मी मनातल्या मनात त्या स्वरात ओंकार मिळविला. खांबेटे मात्र वळून पाहत नव्हते. ते नाक पुशीत होते, आणि त्या तांबड्या लोकरीनेच पुशीत होते.

वाचकहो, तुमच्या देवघरातील पितळ उजळ राहो. तुमच्या घरातील जे कोणी दूर असेल, त्याची वाट पाहणारी वस्तू ते परत येईतो हरवू नये, आणि परत आलेल्याचा हात त्या वस्तूस पुरून उरावा इतके त्याला आयुष्य व वाढ लाभावी. तुम्हा सर्वांचे, लहानथोरांसह, कल्याण असो.