शिदूआप्पांना न पटलेली मरणं

सिनेमात कुणी मेलं की राग येणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या निपाणीच्या गल्लीतले शिदूआप्पा. सगळा तंबू डोळे पुसत असे आणि आप्पा ओरडत, "अरं, ह्यो मेल्याला न्हाय! असं कोण मरतंय?"

त्यांचा अधिकारही तसाच होता. एरवी ते तंबाखूच्या वखारीत, पण गल्लीत कुणी गेलं की पहिली हाक त्यांना. तिरडी बांधावी ती आप्पांनीच. फुकटचं काम, पण अभिमान असा, की धडधाकट माणसाकडेही ते तिरडीचं माप घेतल्यासारखे बघत. माझ्या लग्नात आशीर्वाद देताना म्हणाले, "मास्तर, उंची बक्कळ हाय तुमची. बांबू लांब लागंल." सासरे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सुगी आटोपली की गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडे. आप्पा सगळ्यांत पुढे, जमिनीवर. शेजारी मी, कारण दुसरं कुणी बसायला तयार नसे. नायक छातीत गोळी घेऊन गाऊ लागला की आप्पांचं सुरू, "गोळी लागल्याला गातोय व्हय रं? आमचा गणपा बैलाच्या लाथंनं गेला, 'आई गं' बी पुरतं म्हणाला न्हाय!" खलनायक कड्यावरून पडला तरी त्याच्या धोतराची परीटघडी मोडत नसे, त्यावर वेगळं भाषण. एकदा क्षयाची नायिका एका ठसक्यात गेली. "क्षय कशाचा? तपकीर गेलीया नाकात!" तपकिरीच्या गावात हे सगळ्यांना पटलं आणि बायकासुद्धा हसू लागल्या.

शेवटी एका म्हाताऱ्यानं घात केला. पडद्यावर तो मरायला टेकलेला, चार मुलगे भोवती हात बांधून उभे आणि उपदेश संपता संपत नाही. आप्पा ताडकन उठले. "पाणी घाला की त्येच्या तोंडात! तुळस कुठाय? नुसती खांबागत उभी हायती!" त्यांचीच सावली म्हाताऱ्यावर पडली. तंबूवाल्यानं मशीन बंद केलं, आप्पांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं.

आप्पांनी हाय खाल्ली. जेवणावरची वासना उडाली. ज्याला एकही मरण पटत नाही, त्यानं ती बघायला मिळत नाहीत म्हणून झुरावं, हे मला कळेना. पण बघवेना म्हणून मी तंबूवाल्याकडे गेलो आणि त्यांना जामीन राहिलो. एक शब्द निघाला तर दोघंही बाहेर, अशी अट पडली.

त्या संध्याकाळी नेमकी एक बायको नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होती आणि बोलत होती, बोलतच होती. पोरांना मारू नका, वेळेवर जेवत जा, उन्हातान्हाचं फिरू नका. मी आप्पांचं मनगट घट्ट धरलं. आवाज नाही. वळून पाहिलं तर आप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि मिशा ओल्या झाल्या होत्या.

परतताना मी विचारलं, "आप्पा, बरं आहे ना?"

"आमची गेली तवा मी चिकोडीला गेलतो," ते म्हणाले. "पावण्याची तिरडी बांधाय. आलो तर हिची कुणीतरी बांधून ठेवलीती. गाठबी ढिली. सगळी सोडून म्या पुन्ना बांधली. जाताना काय म्हणाली, कुणालाच ठावं न्हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ती सिनेमातली बाई खोटीच हो, आप्पा."

"लई खोटी. मरताना एवढं कोण बोलतंय?" थोडं चालून ते थांबले. "पर येळेवर जेवत जावा म्हणाली न्हवं?"

"म्हणाली."

"मग घरला जाऊन जेवतो," आप्पा म्हणाले. "आन उद्याबी जामीन ऱ्हावा, मास्तर."